उजवीकडचं हँडल

६ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मी बोलत नाही आणि तुला ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच बरं, हे तुझं म्हणणं मान्य आहे.

मी बरा आहे. थंडी आहे. हिच्या माघारी घर जमेल तसं ठेवलं आहे. तिचे कपडे सूनबाई येऊन आवरून गेली. वाचनालयाची काही पुस्तकं घरात राहिली होती, ती मी नेऊन दिली.

रविवारी चिरंजीव येऊन गेले. गाडी बाहेर काढायची म्हणून त्याने गॅरेजचा दरवाजा उचलायला घेतला. मी चष्मा शोधत होतो, तोवर त्याने मधोमध धरून जोर लावला. डावी बाजू वर गेली, उजवी जागेवरच राहिली, आणि दरवाजा तिरका होऊन रुळात अडकला. आता तो वरही जात नाही आणि खालीही येत नाही. एका बाजूला फट राहिली आहे, तिच्यातून वाळका पाला आत येतो. मी रोज झाडतो.

मुलाचं म्हणणं, हा काढून टाकावा आणि मोटरवाला नवा बसवावा. बटण दाबलं की उघडतो. घर विकायला काढलं की गिऱ्हाईक आधी समोरचा दरवाजाच बघतं, असंही तो म्हणाला. घर विकून मी त्यांच्याकडे राहायला जावं असं त्या दोघांच्या मनात आहे. त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे. खोली चांगली आहे, ऊन येतं. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

दरवाजा दुरुस्त करावा की बदलावा, तुझं काय मत आहे ते कळव. गुडघ्याला जप. लेकीला आशीर्वाद.

लोभ आहे तसा असू दे.

तुझा,
भाऊ


१५ जानेवारी

चि. घुम्या यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे सरकारी अहवाल. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेस, त्याच सवयीने लिहितोस. अमुक ठीक, तमुक ठीक, खाली सही. काय जेवतोस ते लिहिलं नाहीस. जेवतोस की नाही, तेही नाही. वाळका पाला मात्र आला पत्रात.

दरवाज्याचं विचारशील तर बदलून टाक. त्यात एवढा विचार कसला? मला चांगलं आठवतं, मी तुमच्याकडे आले होते तेव्हा रोज सकाळी तुम्ही दोघं त्या दरवाज्यापुढे कवायतीला उभे राहायचात. एक या टोकाला, एक त्या टोकाला, चेहरे असे गंभीर की जणू झेंडा वर जाणार आहे. मी खिडकीतून बघून पोट धरून हसले होते. वहिनीला म्हटलंही, की एवढ्या जोरात तर कपाट माडीवर चढेल, एकदा नीट करून का घेत नाही? तर तिने मलाच सुनावलं, की वन्सं, तुमचा भाऊ माझ्या शब्दावर हलतो तो दिवसात तेवढ्यापुरता, ते तरी बंद पाडू नका. कशी बोलायची! तुझ्या वाटणीचं सगळं तीच बोलून टाकायची. म्हणून तुझं निभावलं.

आता तिच्या पश्चात त्या घरात तू भिंतींशी बोलत बसशील म्हणावं, तर तू तेही करणार नाहीस. मुलगा बोलावतो आहे तर जा. सून चांगली आहे. उन्हाची खोली कुणाला मिळते?

लोभ कमी करायचा माझा विचार नाही. लांब पत्र आलं तर वाढवीन.

तुझी,
ताई


२४ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

जेवतो. वरण-भात लावता येतो. भाजी कधी जमते, कधी नाही.

दरवाज्याचा मिस्त्री येऊन गेला. अंगाने जाड, बोलका माणूस आहे. त्याने ठोकून ठोकून दरवाजा सरळ केला आणि खाली आणला. मग एकट्याने उचलून पाहिला आणि लगेच सोडून दिला. मला विचारलं, की या घरात पैलवान किती राहतात? दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा कधीच्याच गेल्या आहेत म्हणाला. दरवाज्याचं वजन पेलायचं काम त्यांचं, ते इतकी वर्षं कोण करत होतं? मी म्हटलं, आम्ही दोघं. दुसरं कोण, त्यांनाही बोलवा, दाखवतो, असं म्हणून तो घरात डोकावू लागला. मी सांगितलं. मग तो बराच वेळ पट्टी लावून रूळच मोजत राहिला.

त्याच्या मते पत्रा चांगला आहे, खालची कड तेवढी गंजली आहे. स्प्रिंगा, तारा आणि चाकं बदलली तर दरवाजा हलका होईल, म्हातारा माणूसही एका हाताने उघडेल. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, की तसे तुम्ही म्हातारे नाही. नाहीतर नवा घ्या. दोन्हींत वाईट काही नाही, ठरवून सांगा.

तू हसलीस ती कवायत अशी होती. ती उजवीकडे, मी डावीकडे. एकाने आधी उचललं की दरवाजा तिरका होऊन अडकायचा, म्हणून दोघांनी एकदम उचलायचा. आम्ही एक-दोन-तीन म्हणत नव्हतो. ती 'हं' म्हणायची, त्यावर उचलायचं. मग मी तिला वाचनालयात तिच्या कामावर सोडून कचेरीत जायचो. संध्याकाळी आलो की पुन्हा 'हं'. कधी भांडण व्हायचं, अबोला असायचा. तरी सकाळी तेवढं 'हं' तिला म्हणावंच लागायचं, नाहीतर दोघांनाही घरी बसावं लागलं असतं. पुष्कळ भांडणं तिथेच मिटली.

ती गेल्यापासून गाडी आतच आहे. मुलाला हे माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, मी गाडीने जातो-येतो. मी तसं सांगितलं नव्हतं, पण त्याने विचारलंही नव्हतं. शेजाऱ्यांना एकदा हात लावायला बोलावलं होतं. भला माणूस आहे, लगेच आले. पण मी नीट धरायच्या आत त्यांनी हिसका दिला, आणि मी हात काढून घेतला. पुन्हा बोलावलं नाही. किराणा कोपऱ्यावर मिळतो, वाचनालयात पुस्तकं द्यायला चालत गेलो होतो.

दुरुस्त केला तर तो एकट्याने उघडेल. मनात एवढंच येतं. तू म्हणशील, त्यात वाईट काय आहे. काहीच नाही.

पत्र लांबलं. तुझ्या शब्दाप्रमाणे लोभ वाढवावा.

तुझा,
भाऊ


३ फेब्रुवारी

चि. घुम्या यास अनेक आशीर्वाद.

लेकीने विचारलं, मामाने एवढं काय लिहिलं आहे? म्हटलं, दरवाज्याचं.

बदलून टाक म्हटलं होतं ते मी परत घेते. मुलाकडे जा म्हटलं होतं तेही. थांब, सांगते, पण हे इकडच्या कुणाला कळू देऊ नकोस.

इथे माझं सगळं चांगलं चाललं आहे. लेक जपते. जावई चहा हातात आणून देतात, मी नको म्हटलं तरी. परवा दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर लेकीने फळ्या आवरून सगळं नव्याने लावलं होतं. पेले कुठे गेले ते कळेना. बाहेरच्या खोलीत ती होती, हाक मारली असती तर धावत आली असती. मी नाही मारली. जरा वेळ तिथे उभी राहिले आणि पाणी न पिताच परत येऊन बसले. रागावले नव्हते रे. आपल्याला तहान लागली हे कुणाला तरी सांगावं लागतं, एवढंच वाटलं.

माझं घर विकायचं ठरलं तेव्हा मला सगळ्यांनी विचारलं होतं. मीही तुझ्यासारखीच, हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याचा अर्थ लोक हो असाच घेतात. त्यांचं तरी काय चुकलं?

तेव्हा घुम्या, आधी मुलाला एक शब्द सांग. हो सांग नाहीतर नाही सांग, पण तोंड उघडून सांग. दरवाज्याचं नंतर बघ. तुझा मुलगा वाईट नाही. तुझ्या मनात काय आहे हे त्याला आजवर त्याच्या आईकडून कळायचं. आता कुणाकडून कळणार?

थंडी ओसरली की मी येणार आहे. गुडघ्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. स्टेशनवर मला न्यायला यायचं, आणि गाडी घेऊन यायचं. भाड्याच्या गाडीत मी पाय ठेवणार नाही, सांगून ठेवते. गाडी बाहेर कशी काढायची ते तुझं तू बघ.

लोभ वाढवला आहे. पावती पाठव.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मुलाला फोन केला. नाही म्हटलं. घर विकायचं नाही, मी इथेच राहणार, नवा दरवाजा नको. एका दमात सांगितलं, कारण मधे थांबलो असतो तर राहून गेलं असतं. सांगून झालं म्हणून मी फोन ठेवायला लागलो, तेव्हा तो म्हणाला, की बाबा, मिस्त्री येईल त्या दिवशी मी येतो. आईने कधी सांगितलंच नाही की दोघांनी उचलायला लागतो, असंही म्हणाला. मी म्हटलं, तू कॉलेजात गेलास त्यानंतर तो जड झाला. तो आला, दिवसभर थांबला. गाडीची बॅटरी काढून स्वतः भरून आणली.

मिस्त्रीने स्प्रिंगा, तारा, चाकं सगळं नवं घातलं. खालची गंजलेली कड कापून पट्टी जोडली. आता मधोमध एक हँडल बसवलं आहे. कडेची दोन जुनी हँडलं काढून भोकं बुजवू का, म्हणून तो विचारत होता. मी म्हटलं, राहू द्या. निदान उजवीकडचं तरी काढू, कुणाच्या कपड्यात अडकेल, म्हणाला. मी पुन्हा राहू द्या म्हटलं. मुलाने त्याला काहीतरी खूण केली. मग त्याने हत्यारं पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गेलो. मधलं हँडल धरायचं हे लक्षात होतं, तरी डावीकडेच जाऊन उभा राहिलो. हँडल धरलं आणि उभाच राहिलो. रस्त्यावरून पेपरवाला गेला, त्याने वळून पाहिलं, तेव्हा ध्यानात आलं की मी थांबून राहिलो आहे. मग उचलला. नेहमीचा जोर लावला होता, तो फार झाला, मागे पडता पडता सावरलो. मी डावीच बाजू उचलली होती, पण उजवी बाजूही तेवढीच, बरोबरीने वर गेली. जरासुद्धा तिरकी झाली नाही. मी तिकडे पाहिलं. ते स्प्रिंगचं काम आहे, मला समजतं. तरी पाहिलं.

गाडी चालू झाली. वाचनालयापर्यंत जाऊन परत आलो. तिकडे काही काम नव्हतं. मागच्या सीटवर तिची छत्री आहे, ती मी हलवलेली नाही. तू पुढेच बस.

कोणत्या गाडीने येतेस ते कळव, मी स्टेशनवर येतो. पेले ओट्याच्या वरच्या फळीवर डाव्या हाताला आहेत, तिने ठेवले होते तिथेच. कुणाला विचारायला नको.

तुझ्याकडे एक काम आहे. तू असशील तेव्हा सकाळी मी दरवाजा उघडताना उजवीकडच्या हँडलपाशी उभी राहा. उचलू नकोस, गुडघ्याला त्रास होईल, आणि आता गरजही नाही. फक्त 'हं' म्हण. एकदाच म्हण, रोज नको.

एवढं मागण्याइतका लोभ आहे असं धरून चाललो आहे.

तुझा,
घुम्या