बारा सतराचा मुहूर्त

मुसफ्फा, अबू धाबी
१२ एप्रिल २००९

चि. सौ. प्रभावतीस अ. आ. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की खरं तोंडातून निघत नाही, म्हणून लिहितो. मंदीत आमची कंपनी खलास झाली. मालक पळाला. आमचे पासपोर्ट मंदूबकडे, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या अरबाकडे अडकलेत. माझा तर मार्चमध्ये रजेसाठी हातात आला होता गं. सुपरवायझर म्हणाला, एक स्लॅब होऊ दे, मग जा. मी शहाणा, विश्वास दाखवायला पासपोर्टच परत देऊन आलो.

दर्शनाच्या लग्नाला काही करून पोचतो. लोभ कमी करू नकोस.

रामचंद्र

कणकवली
२३ एप्रिल २००९

दर्शनाच्या बाबांना शि. सा. न. वि. वि.

परत दिलात? देवमाणूस म्हणून मिरवा आता. मुहूर्त १० मे, दुपारी बारा सतरा, तो काही हलत नाही. कन्यादान तुमचे भाऊ दगडूभावजी करतील असं कोणी म्हणालं, तर पोरगी दोन दिवस जेवली नाही. बाबा येणारच म्हणते. मी काय सांगू तिला?

देवापुढच्या अक्षता पाठवतेय. त्या घेऊनच या. रागावले तरी तुमचीच,

प्रभावती

गयाथी
१० मे २००९

चि. सौ. प्रभावतीस अ. आ. वि. वि.

मंदूबचं घर या वाळवंटातल्या गावात, म्हणून चौघं उसन्या पिकअपमधून आलो. खर्च नको म्हणून पेट्रोल पंपामागे मुक्काम, जेवायला खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणि उकडलेली अंडी. आज चौथा दिवस. मंदूबचा पत्ता नाही. त्याचा भाऊ रोज चहा पाजतो आणि उद्या, इन्शाल्ला म्हणतो. मोबाइलही बंद पडलाय.

आज पंपाच्या नळावर आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. घड्याळात बारा सतरा झाले तसा पूर्वेकडे तोंड करून येत होती तेवढी मंगलाष्टकं म्हटली आणि अक्षता टाकल्या. तिघे सोबती सावधान म्हणाले. मग आठवलं, तुमचं घड्याळ दीड तास पुढे. अठरा वर्षं हा हिशोब करूनच फोन करतो, आणि आजच चुकलो. फार रडलो.

पोरीला सांगू नकोस. माया असू दे.

रामचंद्र

कणकवली
२२ मे २००९

दर्शनाच्या बाबांना शि. सा. न. वि. वि.

लग्न लागलं. कन्यादान भावजींनी केलं. पावणेदोनला दर्शना पानावर बसली आणि तिची उचकी थांबेना. भावजी म्हणाले, बाबांनी आठवण काढली असेल. मी सगळ्यांदेखत बोलले, आता काढून काय उपयोग.

तुमचं पत्र काल आलं. बारा सतरात दीड तास मिळवून पाहिला. सांगू नकोस म्हणालात, तरी ते घेऊन तिच्या सासरी निघाले होते. एसटी स्टँडवरून परत आले.

खिशात अक्षतेचा एखादा दाणा राहिला असेल तर जपा. तेवढा तरी घेऊन या.

तुमचीच,
प्रभावती