समोरून विमान आलं, माय

प्रिय माय,

आज तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि ऐकायला तूच नाहीस! म्हणून हॉटेलच्या खोलीवर येऊन, युनिफॉर्मही न बदलता, लिहायला बसले.

आठवतं? प्रवाशांचं विमान चालवायला लागल्यावर मी पहिल्यांदा घरी आले, तेव्हा आपली धानाची रोवणी चालू होती. गुडघाभर चिखलातून मान वर करून तू विचारलंस, "रोशनी, दोन विमान समोरासमोर आले तं खाली कोन उतरते व?" मी हसले. म्हटलं, तशी वेळच येत नाही.

तुझ्या डोळ्यांसमोर आपला धुरा होता, धानाच्या दोन बांध्यांमधला तो अरुंद बांध. दोघी समोरासमोर आल्या की जिच्या डोक्यावर पऱ्ह्यांचा, म्हणजे रोपांचा, भारा असेल तिने सरळ जायचं, मोकळीने चिखलात उतरायचं. तू मात्र भारा घेऊनही उतरायचीस! "माझे पाय तं भरलेच हायेत," म्हणायचीस. नेहमी तूच काऊन, माय?

आज वेळ आली. मुंबईला उतरणाऱ्या विमानांच्या रांगेत होतो, बाहेर नुसते ढग. कॉकपिटमधलं यंत्र बोललं, "ट्रॅफिक, ट्रॅफिक." कुणीतरी जवळ आलंय. पाठोपाठ, "डिसेंड, डिसेंड." खाली जा! अशा वेळी खालच्या कंट्रोलरला विचारत बसायचं नसतं. दोन्ही विमानांतली यंत्रं आपसांत ठरवतात, एकाने वर जायचं, दुसऱ्याने खाली. विमान माझ्या हातात होतं. मी नाक खाली केलं. दुसरं विमान मला दिसलंही नाही. धोका टळल्याचं यंत्राने सांगितलं तेव्हा कुठे कॅप्टननी पाण्याची बाटली उघडली. मागे एक बाळ रडत होतं, बाकी कुणाला काही कळलं नाही.

माय, आज तुझी पोरगी उतरली चिखलात!

पण खरं सांगू? राग येतो तुझा. न दिसणाऱ्या विमानाचाही इशारा मिळतो आम्हाला. आणि तू? दुखणं अंगावर काढलंस, एका शब्दाने बोलली नाहीस. मला वळायला जरा तरी वेळ द्यायचा होतास ना!

मघाशी सवयीने तुझाच नंबर लावला. घंटी वाजायला लागली तेव्हा भानावर आले. तू गेल्यापासून, विमान उतरलं की मी फोन हातात घेते आणि परत खिशात ठेवते. "पोचली का व बाई?" असं विचारणारं कुणी नाही. बाबा आणि मी फोनवर कधी बोललो होतो? मधे तू असायचीस. आता मी त्यांच्या फोनची वाट पाहते, ते माझ्या. दोघांच्याही डोक्यावर भारा, आणि धुऱ्यावर नुसते उभे.

फोन उचलला गेला. तुझा फोन बाबा अजून चार्ज करून ठेवतात, माय! घसा खाकरून म्हणाले, "पोचली का व बाई?"

तुझेच शब्द. "पोचली, बाबा," मी म्हटलं. ते म्हणाले, "रोज फोन हातात घेऊन बसून रायतो. तू कामात असशीन म्हनून लावत नाही."

आता मी वाट पाहणार नाही, माय. चाकं जमिनीला टेकली की आधी फोन मीच लावीन, तुझ्याच नंबरवर. डोक्यावर भारा असला तरी.

तुझी,
रोशनी