वरच्या थराचा पाइप

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

पाइपात उजेड शिरला होता! लॅबची मेल आली. वरच्या थराच्या पाइपातले काही कण जुने, काही अगदी कालचे, सगळे एकत्र. ‘पाइप मधे उघडला गेला असावा, किंवा नमुना घेतानाच प्रकाश लागला असावा.’ खालच्या थराचा पाइप व्यवस्थित आहे.

उघडणार कोण? मीच बंद केला, मीच कुरियरला दिला. म्हणजे नमुना घेताना. म्हणजे मी.

जेवले नाही. मम्मी दोनदा बोलावून गेली.

२७ नोव्हेंबर

डोकं ठिकाणावर यावं म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते.

मे महिना. अकोले गावाच्या पुढे, प्रवरेच्या काठी, कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या रानात चर खणला. खालचा थर फाटलेला आणि त्या फटीतून वाळू वर घुसलेली, अंगात शीर असावी तशी. जमीन जोरात हादरल्याशिवाय वाळू अशी वर चढत नाही. त्याच्यावरचा थर मात्र अखंड, शांत. म्हणजे भूकंप या दोन थरांच्या मधे कधीतरी. दोन्हींचं वय मिळालं की तो दोन भिंतींत सापडला! आता एकच भिंत उरली. दोनशे वर्षांपूर्वीचा म्हणावा की दोन हजार — काही सांगता येत नाही. नदीकाठी घरं, शाळा कशा बांधायच्या ते यावर ठरायला हवं होतं.

आणि वाळूचं वय म्हणजे तरी काय — तिला शेवटचा उजेड लागल्यापासूनचा काळ. गाडली गेली की अंधारात ती वय साठवत राहते. जरा उजेड लागला की सगळं पुसलं, शून्य. म्हणून ताडपत्री, खाली काळी चादर, त्याखाली लोखंडी पाइप ठोकायचा आणि दोन्ही तोंडं तिथेच बंद करायची. मी तसंच केलं होतं. पण वारा होता. ताडपत्री एकदा उडाली होती. पाइप ठोकायच्या आधी की नंतर?

संध्याकाळी पप्पांना सांगितलं. पेपर खाली ठेवला त्यांनी. “घरातल्या उजेडानेसुद्धा एवढं होतं?” म्हटलं, होतं. मग म्हणाले, “चूक माणसाकडूनच होते, आरू.”

किती शांतपणे घेतात ते! मला कधी जमणार असं.

२९ नोव्हेंबर

कानिफनाथला फोन केला. पुन्हा नमुना घ्यायला येते म्हटलं.

“कशाचा नमुना, ताई? तिथं आता काय न्हाई. पावसाळा सरला आन जेसीबी लावून सपाट केलं की. ऊस लावलाय.”

“सगळंच?”

“सगळंच. तुमी एक शब्द टाकायचा हुता, ठिवलं असतं चार हात. आमाला काय ठावं, तुमचा भूकंप अजून तिथंच हाय म्हून!”

हसला. मीही हसले. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले.

१ डिसेंबर, रविवार

संध्याकाळची घरची प्रार्थना. पप्पा डोळे मिटून म्हणाले, “हे प्रभू, तुझ्या लेकराच्या, आराधनाच्या हातून जो निष्काळजीपणा झाला त्याची क्षमा कर. तिला खचू देऊ नको.” इतकं हलकं वाटलं! माझ्यासाठी कोणीतरी एवढं मनापासून मागतं आहे.

दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. पप्पा शाळेत शिकवून दमून यायचे आणि मला घरी शिकवायचे. पेन्सिल नाही, पहिल्यापासून पेनच. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. “चूक लपली की दुप्पट होते.” चरातली टिपणं आजही मी तशीच घेते.

५ डिसेंबर

माझ्या मार्गदर्शक सरांना आणि संशोधन फेलोशिपच्या कमिटीला रीतसर पत्र लिहिलं. चूक पूर्णपणे माझी, क्षमस्व. पप्पांकडून इंग्रजी तपासून घेतलं. दोन ठिकाणी ‘द’ घातला त्यांनी आणि एक स्वल्पविराम. मग चष्मा काढून म्हणाले, “एवढं पूर्णपणे कशाला लिहायचं?” मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत. चष्मा पुन्हा घातला आणि पत्र परत दिलं.

सरांचा फोन आला. ओरडले नाहीत, तेच वाईट. “इतकी प्राथमिक गोष्ट, आराधना! फेब्रुवारीत कोकणात मग अश्विनीला पाठवतो.” कोकणातल्या खाडीच्या चिखलात जुन्या सुनामीने आणून टाकलेली वाळू आहे का, ते शोधायला मी जाणार होते. तिथेही हेच पाइप, हीच काळी चादर. माझ्या हातात आता कोण देणार?

११ डिसेंबर

आठवलं! पाइप ठोकताना डाव्या अंगाला ताडपत्रीची कड उचलली गेली होती. बोटभर फट. उन्हाची रेघ माझ्या मनगटावर पडलेली. स्पष्ट दिसते आहे. तेव्हा लक्ष कसं गेलं नाही? की गेलं होतं आणि मी दुर्लक्ष केलं?

वहीत नोंद नाही. म्हणजे मी नोंदही टाळली.

२१ डिसेंबर, शनिवार

नाताळच्या करंज्या. मम्मी, मी आणि स्टेला मावशी. मावशी कातणं फिरवता फिरवता म्हणाली, “तुझ्या त्या वाळूचं वय कळलं का गं? एवढीशी हातात घेतली तर अंगावर काटा आला होता माझ्या!”

“कुठली वाळू?”

“अगं तीच, भूकंपाची. मे महिन्यात तुमच्याकडे प्रार्थनासभा होती बघ, तू पुण्याला गेली होतीस. भावजींनी तुझ्या कपाटातून तो पाइप आणला. काय ते भाषण! म्हणाले, आमची आरू आता सुनामीसुद्धा शोधणार. आणि चिमूट चिमूट ठेवली प्रत्येकाच्या तळहातावर, प्रभुभोजनाला भाकर देतात ना, अगदी तशी. परतही घेतली हो, हात झटकून झटकून! पाटोळे बाई तर म्हणाल्या, पापणीला लावू का?”

मम्मी म्हणाली, “स्टेला, तेल बघ तापलंय का.”

तेल अजून कढईत ओतलंच नव्हतं.

मम्मीलाही माहीत होतं.

२२ डिसेंबर

चर्चला गेले नाही. जन्मात पहिल्यांदा, आजारी नसताना.

ते परत आल्यावर विचारलं. पप्पांनी नाकारलं नाही. खुर्चीत बसले, बूटसुद्धा काढले नाहीत.

“तू त्या दिवशी सांगायला लागलीस आणि मला लगेच कळलं. बोलणारच होतो. पण तू आधीच म्हणालीस, माझी चूक. मग दुसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं.”

“आणि प्रार्थना?”

“ती मी माझ्यासाठीच करत होतो, आरू.”

“नाव माझं होतं, पप्पा!”

मम्मी मधे पडली — “ते सांगणारच होते गं. नाताळ होऊन जाऊ दे म्हणत होते.” कोणाचा नाताळ?

माझ्या माफीचं इंग्रजी तपासलं त्यांनी. माझ्या माफीत बसून दोन ‘द’ घातले! आणि ती फट — ती मनगटावरची उन्हाची रेघ — ती नव्हतीच. कधीच नव्हती. ती मी तयार केली, रोज थोडी थोडी, कारण मला माझी चूक सापडायलाच हवी होती. माझ्या डोक्यात उजेड पडतो आहे म्हणून मी खूश झाले होते. पप्पा समोर बसून बघत होते.

२५ डिसेंबर

करंज्या खाल्ल्या नाहीत.

२७ डिसेंबर

विचार करून करून एक गोष्ट लक्षात आली. पाइप पूर्ण रिकामा केला नसेल तर आतली वाळू अजून अंधारातच असणार! पण ते फक्त एकाच माणसाला माहीत आहे.

वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. कुठल्या तोंडाने उघडला? — ज्या तोंडाला मी बाण काढला होता ते नव्हे, दुसऱ्या. किती काढली? — चहाच्या बशीत मावेल एवढी. दिवे? — “पडदे ओढले होते गं. ऊन अजिबात येऊ दिलं नाही. ट्यूबलाइट फक्त.” पडदे! ऊन नको एवढं लक्षात ठेवलं, आणि मी पाइपावर लाल शाईने ‘उघडू नये’ लिहिलं होतं ते वाचलं नाही. परत भरल्यावर? — “बोटाने दाबली.” कुठपर्यंत? — सांगता येईना. मग त्यांचं बोट पट्टीवर ठेवायला सांगितलं आणि मोजलं. मी पट्टी धरून ठेवली. दुसरीचा अभ्यास घेताना ते माझ्यासाठी धरायचे तशी.

एकदाही ‘पप्पा’ म्हटलं नाही त्यात.

लॅबला लिहिलं : उरलेली वाळू टाकू नका. बाणाच्या तोंडाकडून, आतून घ्या, कृपया पुन्हा मोजा.

३० डिसेंबर

सरांना खरं सांगितलं. पाइप घरी उघडला गेला होता.

“कोणी उघडला?”

“घरच्यांनी.”

“घरचे म्हणजे कोण?” मी पुन्हा ‘घरचेच’ म्हटलं. “आराधना, पाच तारखेच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, चूक पूर्णपणे माझी. आता घरचे. मी कुठल्या आराधनावर विश्वास ठेवू?”

बरोबरच आहे त्यांचं! माझं खोटं पत्र खरं वाटतं आहे, आणि खरं बोलणं पळवाट.

४ जानेवारी २०२५

पप्पांना म्हटलं, सरांना तुम्ही लिहा. “लिहितो ना.”

१९ जानेवारी

लिहिलं. ‘आमच्या कुटुंबातील एका सदस्याकडून अनवधानाने...’

परत दिलं. म्हटलं, सदस्याला नाव असेल.

“पस्तीस वर्षं मास्तरकी केली मी, आरू. माझे विद्यार्थी आहेत तुझ्या कॉलेजात.”

माझे सर आहेत तिथे.

११ फेब्रुवारी

अश्विनी कोकणात पोचली. तिने फोटो पाठवला — खाडी, चिखल, गुडघाभर रुतलेले पाय. खाली लिहिलं होतं, ‘मिस यू यार’. अंगठा पाठवला.

२ मार्च, रविवार

घरची प्रार्थना आता मम्मी सांगते. पप्पा मान खाली घालून बसतात. बारीक झालेत. चर्चमध्ये लोक पप्पांबद्दल विचारतात, विल्सन सरांना बरं नाही का.

जेवताना म्हणाले, “लॅबचं चांगलं आलं, तर मग पत्राची गरजच राहणार नाही ना?”

मम्मी पटकन म्हणाली, “हो ना, नुकसानच झालं नाही तर कशाला!”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी वरण वाढून घेतलं.

२० मार्च

पत्र टेबलावरच आहे. सदस्य अजून सदस्यच.

रोज विचारतात, काही आलं का.

३ एप्रिल, गुरुवार

आलं! आतली वाळू अंधारातच होती. वय मिळालं, स्वच्छ, एकही कालचा कण नाही. भूकंपाला दुसरी भिंत मिळाली. सरांना लगेच कळवलं, त्यांचा फोन आला — “झालं गेलं विसरून जा, पेपर लिहायला घ्या.” ते खूश. कोणालाच आता ते पत्र नको आहे.

फोन ठेवला तर पप्पा दारात उभे.

“लॅबचा होता का गं? काही आलं?”

“नाही,” म्हटलं.