आत्यांना उठवू नकोस

भार्गवी,

उठलीस की पडवीत पाय न वाजवता जा. मसुऱ्याहून सुगंधाआत्या आल्या आहेत आणि बाकावर घोरत पडल्या आहेत. चूक माझीच. चहाबरोबर द्यायला घरात काही गोड नव्हतं, म्हणून तुझ्या डबीतल्या लाल जेलीच्या गोळ्या मी बशीत काढल्या. त्यांनी तीन खाल्ल्या. "बऱ्यो आसत गो विमला," म्हणाल्या. मग पाय वर घेऊन बसल्या आणि "भार्गवी एकटीच कशी इली? जावई खंय..." एवढं विचारता विचारताच पेंगल्या.

नंतर चष्मा लावून डबी वाचली, तर मेलाटोनिन! तुझ्या अंगातलं घड्याळ अजून टोरांटोचीच वेळ दाखवतंय, त्याला इथली रात्र कळावी म्हणून झोपताना एक गोळी घेतेस, असं तू कालच सांगितलं होतंस. मी आत्यांची भर दुपारी रात्र केली. डॉक्टरांना फोन केला. ते आधी हसले, मग म्हणाले, काळजी नको, झोपू दे.

मी कट्ट्याच्या बाजारात मासे बघायला जाते. वरणभात झाकून ठेवलाय. आत्या उठल्या तर चहा दे. जावयांचं पुन्हा विचारलं तर "आईला विचारा" म्हण. मलाही काही माहीत नाही, पण त्यांना मी बघून घेईन.

तुला मी काही विचारणार नाही. फक्त, रात्री तीनला तू स्वयंपाकघरात एकटी बसतेस ना, तेव्हा मीही जागीच असते. हाक मार.

आई