बरी म्हणावीत अशी अकरा चित्रं

रविवार, ६ मार्च १९२७

अकरा! पुन्हा मोजली, तरी अकराच.

गेल्या युगादीपासून, म्हणजे पाडव्यापासून, निवृत्ती शिंप्याच्या सिनेमाच्या तंबूत एकोणचाळीस चित्रं लागली. पावसाळ्याचे तीन महिने तंबू बंद, नाहीतर आणखी झाली असती. त्यातली पाच उत्तम. ती सगळ्या म्हैसूरला पाठ आहेत, त्यांच्यावर मी वेगळं काय लिहिणार? तेवीस टाकाऊ. उरली अकरा – बरी. आमच्या राजवाड्याच्या गाडीखान्यातल्या मधल्या घोड्यांसारखी. दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यांना कोणी जुंपत नाही, पण रोजची बग्गी तेच ओढतात. सतरा वर्षं त्या गाडीखान्यात कारकुनी केली, मला अशा जनावरांची कदर आहे.

यादी करायला लावली निवृत्तीने. युगादीच्या आधीच्या शनिवारी तो वर्षातलं एक चित्र पुन्हा लावतो. उत्तम चित्रं एकदा बंगळूरच्या पुढे गेली की परत येत नाहीत, बरी तेवढी मिळतात. काल तंबूच्या दारातच मला धरलं. "फत्तेसिंगराव, तुमी वहीत लिवता म्हणं सगळं. यंदा तुमीच नंबर लावून द्या बघा. पयला येईल ते लावतो."

घरी येऊन अंबुजाला सांगितलं तर उठून बसली! वर्ष झालं तिला छातीच्या दुखण्याने अंथरूण धरून. म्हणाली, "मग मी येणार. एकच बघते. पहिल्या नंबरचं."

मी हो म्हणून बसलो.

सोमवार, ७ मार्च

डॉक्टर येऊन गेले. दारात जोड्यात पाय घालत म्हणाले, "न्या त्यांना. आता त्यांना काय हवं ते करू द्या."

"म्हणजे सुधारणा आहे?"

ते जोड्याकडेच बघत राहिले. मी पुन्हा विचारलं नाही.

बुधवार, ९ मार्च

खालून सुरुवात केली.

अकरावा : 'खोटा युवराज'. तिसऱ्या रिळात युवराजाची मिशी एका बाजूने सुटते आणि दरबारात कोणालाच दिसत नाही. तरी बरं, कारण लढाई चांगली आहे. दहावा : 'वाघदरीचा पहारेकरी'. वाघ खरा. पहारेकरी मात्र लाकडी. नववा आणि आठवा यांच्यात माझं ठरत नाही. दोन्हीत सासू छळते, दोन्हीत शेवटी सासूला पश्चात्ताप होतो, एकात विहिरीपाशी आणि एकात देवळात. देवळातला पश्चात्ताप जरा लवकर होतो म्हणून त्याला आठवा दिला.

अंबुजा हसली. मग खोकली. मी उंबऱ्यावर बसून असतो, डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. खोकला लांबला की मी पाणी आणायला उठतो. पाणी तिच्या उशाशीच असतं.

गुरुवार, १० मार्च

काल ती म्हणाली, "माझ्या पेटीतली हिरवी साडी –" मी म्हटलं, आधी सातवा नंबर ठरू दे!

शनिवार, १२ मार्च

पूर्वी आम्ही दोघं जायचो. म्हणजे जायचो एकत्र, बसायचो वेगळे. आमच्यात बायका गोषातल्या. आजे-पणजे घोड्यावर बसून लढले, आता घोडा गेला, तलवार गेली, गोषा तेवढा राहिला. निवृत्तीने त्यावर तोड काढली होती. पडदा तंबूच्या मधोमध. त्यावर पाणी मारून ओला केला की चित्र आरपार दिसतं. पुरुष पुढे, बायका मागे. मागून अर्थात सगळं उलटं दिसतं. पहिल्याच वर्षी अंबुजाने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "अहो, मुंबईकडे सगळे डाव्या हातानं जेवतात काय?" मी तंबूपासून घरापर्यंत हसत आलो होतो. ती रागावून दोन दिवस बोलली नव्हती.

तेव्हापासून वाद. मी म्हणे राजाने तलवार उजव्या हाताने मारली, ती म्हणे डाव्या. असे वाद करायला मजा यायची.

हे वर्षभर मी एकटा जातो, येऊन तिला उंबऱ्यावरून सांगतो. सांगताना थोडं मीठमसाला घालतो. कोण नाही घालत!

सोमवार, १४ मार्च

झालं. ज्याची धास्ती होती तेच झालं.

पाचव्यापर्यंत आलो होतो. अंबुजा म्हणाली, "उगाच वेळ काढू नका. पहिला नंबर 'पैलतीरची नावाडीण'."

मी म्हटलं, छे, ते सातवं. पहिली दोन रिळं संथ, नवऱ्याचं काम करणारा नट ठोकळा, पूर खेळण्यातला वाटतो.

"मला तेच बघायचंय."

"'मिठागराची मालकीण' बघ की! त्यात उंट आहेत."

"उंट नकोत मला. नावाडीण."

इथे कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. ते चित्र मी पुरतं पाहिलेलंच नाही. नोव्हेंबरातला शनिवार होता. त्याच सकाळी तिच्या खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडलं होतं. मी तरी गेलो. घरात बसवेना म्हणून गेलो! पाच रिळं बसलो. नवरा आजारी, म्हणून बायको नाव चालवते. पुरात गावकऱ्यांना पैलतीरी नेते. शेवटच्या खेपेला नाव लाटांत हेलकावायला लागली. उठलो. दोड्डकेरे तळ्याच्या काठावर खेळ सुटेपर्यंत बसलो. मग घरी येऊन तिला उरलेलं चित्र सांगितलं – नाव तीराला लागते, नवरा कमरेइतक्या पाण्यात धावत येऊन दोर धरतो, दोघं भिजलेल्या कपड्यांनी चुलीपाशी बसून भाकरी खातात.

भाकरी माझी. दोर माझा. सगळं माझं! ऑफिसात सोमवारी अंबाजीराव हळहळले, "बिचारी बुडाली हो. नवरा काठावर नुसता बघत बसतो."

अंबुजाने ती भाकरी माझ्याकडून चार वेळा ऐकली आहे.

मंगळवार, १५ मार्च

काही सुचत नाही. दुसरं चित्र पहिलं आलं असं निवृत्तीच्या नावावर खपवावं? एक खोटं झाकायला दुसरं. तिला कळलं तर? आणि तिने ते पाहिलं तर? बाई बुडतेय, नवरा बघतोय – हे तिला ओल्या पडद्यामागून दाखवायचं? माझ्या हाताने?

नाव फत्तेसिंग. आयुष्यात फत्ते एक नाही.

गुरुवार, १७ मार्च

दुपारी कचेरीतून थेट तंबूत गेलो. निवृत्ती मांडी घालून कनातीला ठिगळ लावत होता. राजवाड्याच्या गणवेशांचं काम सुटल्यावर हा तंबू त्याने स्वतः शिवला, अजून कोणाला सुई लावू देत नाही. तोंडाने विठ्ठल विठ्ठल, हाताने टाके.

मी म्हटलं, नावाडीण पहिली आली. पण शेवट नको.

"शेवट नको म्हणजे? बिन-शेवटाचं चित्र कोण बघतंय स्वामी?"

मी सांगितलं, नाव परत यायला हवी. नवऱ्याने दोर धरायला हवा.

त्याने सुई कनातीत खोचून ठेवली. अंबुजाला तो ओळखतो. तिच्या लग्नातली चोळी त्याच्या बापाने शिवलेली.

"दुसऱ्या रिळात नाव तीराला लागतीय की," तो म्हणाला. "नवरा धडधाकट असतो तवा. दोरबी धरतो. तेवढं कापून पाचव्याच्या शेपटीला जोडतो. सहावं-सातवं पेटीत. अंगरख्याचा गळा फाटला तर आतल्या दुमडीचं कापड काढून लावतो, तसं. खेळ झाला की पुन्ना उसवून जागच्या जागी. सुम्ने, गपगुमान जाऊन झोपा तुमी."

पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला काय वाचायचं तेही त्याने ठरवून टाकलं. मला रडू आलं. ठिगळाकडे बघत उभा राहिलो.

रविवार, २० मार्च

यादी निवृत्तीला दिली. पहिलं : नावाडीण. दुसरं : मिठागर. मनातून मिठागरच पहिलं. उंटांसाठी नव्हे, त्यातली आई शेवटी नुसती दार लावून घेते, रडत नाही, म्हणून. हे मत इथेच राहणार.

गुरुवार, २४ मार्च

ताप. दोन दिवस भाताची पेजसुद्धा नाही.

संध्याकाळी माझी थोरली बहीण अक्का स्वयंपाकघरात असताना अंबुजा म्हणाली, "मी गेल्यावर अक्कांना तुम्ही –" मी म्हटलं, पहिल्या रिळात लक्ष ठेव हं, नावेवरचा कुत्रा मध्येच पांढऱ्याचा काळा होतो! ती भिंतीकडे वळली.

सोमवार, २८ मार्च

अक्का – शकुंतलाबाई, बारा वर्षं विधवा, घर तिच्या धाकात – आज उखडली. "अंगात जीव नाही आणि तंबूत नेतोयस? लोक काय म्हणतील? गोषातली बाई चार माणसांनी उचलून न्यायची?"

मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले न्या.

"डॉक्टर का म्हणाले ते कळलं काय तुला?" अक्का म्हणाली. "का तेही वहीत लिहून मोकळा झालास?"

मी बाहेर निघून गेलो. परत आलो तर अक्का अंबुजासाठी रजईला नवं अस्तर लावत होती.

शुक्रवार, १ एप्रिल

गाडीखान्यातून जुनी झाकलेली बग्गी मिळाली. घोडा म्हातारा, हळू चालणारा. मुद्दाम तोच मागितला.

शनिवार, २ एप्रिल

झालं एकदाचं! आत्ताच आलो.

दिवेलागणीच्या खेळाला पोचलो. शेजारच्या गिरिजाबाई आणि अक्का यांनी तिला दोन्हीकडून धरून मागच्या बाजूला नेलं. मी पुढे, तिसऱ्या बाकावर. पडद्यावर पाणी मारलं. मला एकच कळत होतं – या ओल्या कापडापलीकडे ती आहे. रीळ बदलताना अंधारात तिचा खोकला ओळखू आला. इतक्या बायकांतून.

पाचवं रीळ. नाव लाटांत. माझे पाय आपोआप उठायला लागले, मांड्या हातांनी दाबून धरल्या. आणि मग एकदम लख्ख ऊन! नाव तीराला, नवरा धडधाकट, दोर हातात. पाट्यावाल्याने दणक्यात वाचलं, "देवाने तिला सुखरूप आणली!" बाईचं लुगडं कोरडं खडखडीत. पुराचं पाणी गेलं कुठे देव जाणे. पुढच्या बाकावरचा एक जण कानडीत ओरडला, अरे, ही तर मेली होती ना! दोघांतिघांनी शिट्ट्या घातल्या. निवृत्तीने चटकन दिवे लावले.

मागे ऐकू गेलं असेल? बायका तर आपसात बोलत होत्या.

बग्गीत ती डोळे मिटून होती. मी विचारलं, कसं वाटलं?

"छान जोडलंय," म्हणाली.

जोडलंय? थकली होती, काहीतरी बोलली असेल. मला हलकं वाटतंय. वर्षात पहिल्यांदा. फत्ते!

रविवार, ३ एप्रिल. युगादी

सकाळी कडुनिंब-गूळ घेऊन उंबऱ्यावर गेलो. ती जागी होती. म्हणाली, "बुडते ती. नोव्हेंबरातच गिरिजाबाईंनी सांगितलं मला. तुम्ही मधूनच उठलात, तेही तेव्हाच कळलं."

मी वाटीतली कडुनिंबाची पानं सारखी करू लागलो.

"मला कशाला बघायचं होतं हो ते? तुम्ही एकदा शेवटपर्यंत बसावं म्हणून मागितलं. मी पडद्यामागे असताना. नंतर एकट्याला जड जाईल म्हणून. तर तुम्ही तेही कापून घेतलंत."

मी गूळ खाली ठेवला. म्हटलं, सांग. साडीचं सांग. अक्काचं सांग. काय काय सांगायचंय ते सगळं सांग.

तिने सांगायला सुरुवात केली. मध्ये दोनदा खोकला लागला. मी उठलो नाही.