तडीपारांना सणाची सूट, म्हणे

२ जानेवारी
आज लिहू, उद्या लिहू करत दिवाळीपासून वही तशीच पडून. मधल्या एका पानावर नुसत्या बसच्या वेळा, त्याही कुठल्या गावच्या ते लिहिलेलं नाही. आज मात्र लिहावंच लागतंय.

सकाळी गुलबर्ग्याहून दादाचा मेसेज. एक चित्र. वर पोलिसांचं चिन्ह, खाली लाल अक्षरं : ‘सोलापूर शहर पोलिसांचा नवीन नियम. तडीपार इसमांना संक्रांतीच्या सणास तीन दिवस घरी राहण्याची सूट. अर्जाची गरज नाही.’ त्याखाली दादाचं एवढंच, ‘खरंय का बघ. भोगीला निघतो.’

भोगी तेराला.

तेरा महिने झाले त्याला जाऊन. तडीपारी दोन वर्षांची. मारामारीच्या तीन केसेस, त्यातल्या दोन खऱ्या, हे मी त्याच्या तोंडावर पण बोललोय. मुदतीआधी जिल्ह्यात पाय ठेवला तर उचलतील. मग कोठडी, वकील, सगळं पहिल्यापासून.

बघतो म्हणालो.

४ जानेवारी
काल आयुक्तालयात जायला निघालो होतो. खरंच. सात रस्ता चौकात मित्र बंड्या टेम्पो घेऊन उभा. कुर्डुवाडीला चाललेला. ‘चल की, तासाचं तर काम.’ गेलो. तासाचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. बंड्या माल उतरवत होता तेव्हा मी स्टेशनावर बसून इंजिनाची दिशा बदलताना बघत होतो. एक म्हातारा म्हणाला, कुठं जायचंय? मी म्हटलं, कुठंच नाही. तो म्हणाला, मग बरंय.

मला कुठं पण चल म्हटलं की मी निघतो. बारावी सोडल्यापासून एका कामावर सहा महिने टिकलो नाही. दादाचं उलट. त्याला आमचा बोळ पुरायचा. कट्टा, मंडळाचा फळा, कोपऱ्यावरचा चहा. पुण्याला लग्नाला नेलं तर दुसऱ्या दिवशी तोंड पाडून बसला. घालवायचंच होतं तर मला घालवायचं.

५ जानेवारी
गेलो एकदाचा. आयुक्तालयाच्या खिडकीत एक मॅडम. मोबाईल पुढं केला. त्यांनी वाचलं आणि हसल्या.

‘असा काही आदेश नाही.’
‘म्हणजे अजून आला नाही, का येणारच नाही?’
‘नाही म्हणजे नाही. यायचं असेल तर ज्याला तडीपार केलंय त्यानं अर्ज करायचा, कारण लिहायचं. वर जातो. परवानगी मिळाली तर यायचं. न घेता आला तर उचलणार.’
‘सण हे कारण चालतं का?’
‘ते साहेब ठरवतात. तुझं कोण आहे?’
‘मित्राचा भाऊ.’

का खोटं बोललो कोण जाणे. त्यांना पण ते कळलं असावं, कोरा कागद काढून दिला.

बाहेर येऊन दादाला लिहिलं, ‘खोटं आहे.’ पाठवलं नाही. पुसलं. म्हटलं, आधी हे आलं कुठून ते बघू. खिडकीतल्या बाईला सगळंच माहीत असेल असं थोडंच आहे.

६ जानेवारी
चित्र मोठं करून बघत होतो. ते चिन्ह एका कडेनं कापलेलं आहे. हे कापणं माझं! गेल्या वर्षी अल्ताफच्या फ्लेक्सच्या दुकानात दोन महिने होतो, तेव्हा पोलिसांच्या हेल्मेटसक्तीच्या फ्लेक्सवर मीच कापलेलं.

अल्ताफनं नाकारलं पण नाही. ‘हौ, मैंच बनाया. तो? लक्ष्मीबाई बोली, अच्छा दिखने जैसा बनाके दे, तो बनाया. नियम उनो बोली, रंग मेरा.’

‘अरे पण पोलिसांचं चिन्ह लावलंस.’
‘पुलिस का नियम है तो क्या बिस्किट का चिन्ह लगाऊं?’

लक्ष्मीबाई म्हणजे आईबरोबर विडी वळणारी. तिचा भाचा पण तडीपार आहे, लातूरला असतो.

७ जानेवारी
लक्ष्मीबाईकडे आज सकाळी. सूप मांडीवर, हात चालूच. मी विचारलं, तुम्हाला हा नियम कुणी सांगितला? ती माझ्याकडे बघतच राहिली. तेलुगूत सुनेला काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या.

‘मला काय विचारतो रे? घरात विचार. तुझी आईच सांगितली की. पोलीस स्वतः सांगितला म्हणाली. मी म्हटलं, सगळ्या बायांना कळू दे, म्हणून त्या अल्ताफकडनं लिहून घेतली.’

घरी आलो तर आई बाजरी पाखडत होती. भोगीच्या भाकरीला. दादा येणार हे तिला माहीत. मी लपवतोय आणि ती आठवड्यापासून तयारीला लागलेली.

‘आई, तुला कोण म्हणालं?’
‘चौकीतला माने हवालदार. सणाला यील म्हणला तुमचं पोरगं.’
‘नियम झाला असं म्हणाला?’
‘पोलीस म्हणतुया म्हंजी नियमच की. मी सांगितलं फोनवर त्येला. तर म्हणला, बारक्याला बघाय लावलंय.’

बारक्या म्हणजे मी. आयुक्तालयात काय झालं ते सांगितलं. तिनं सूप खाली पण ठेवलं नाही. ‘खिडकीतल्या बाईला काय ठावं? तू पोलिसाच्या वर शाना हुऊ नगंस.’

८ जानेवारी
माने हवालदार. पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळं. चौकीबाहेर चहा पीत होता. मी विचारलं, त्याला आधी काही आठवेना. मग म्हणाला,

‘ती का तुझी आई? हिरव्या लुगड्यातली? पायरीवर बसून रडत होती. उठेना. मी म्हटलं, उठा मावशी, सणासुदीला येईल हो तुमचं पोरगं. दुसरं काय म्हणणार माणूस?’

मी चित्र दाखवलं. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. परत वाचलं.

‘हे कुणी काढलं?’
‘तुम्हीच.’

चहा अर्धा टाकला त्यानं. मग विचारलं, भावाचं नाव काय, घर कुठं. मी सांगून बसलो. त्यानं खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. सांगायला नको होतं का? येताना सगळ्या रस्त्यात तेच डोक्यात.

तर एवढं आहे सगळं. रडणाऱ्या बाईला उठवायला एक माणूस एक वाक्य बोलला. त्याचा नियम झाला.

९ जानेवारी
दादाचा मेसेज : काय झालं?
मी : बघतोय.

सगळं बघून झालंय.

खिडकीतल्या मॅडमनी दिलेला कागद काढला. म्हटलं, मी लिहितो, दादा सही करेल, बस जाते गुलबर्ग्याला, दोन-अडीच तासांचं तर आहे. ‘कारण’ या शब्दापुढं अडलो. ‘संक्रांत’ लिहिलं, खोडलं. ‘आईची प्रकृती’ लिहिलं. आईची प्रकृती ठणठणीत आहे, परवा दोन हंडे एकदम उचलले तिनं. खोडलं. कागदाची वाट लागली.

काय लिहू साहेबांना? तिथं जाऊन भेटतो आम्ही, नाही असं नाही. चारदा जाऊन आलो. पण तिथं तो पाहुण्यासारखा भेटतो. कामाला आहे त्या गॅरेजच्या मालकाची खुर्ची पुसून देतो, चहा मागवतो, जेवलास का विचारतो. घरी मला जेवलास का असं त्यानं कधीच विचारलं नव्हतं, सरळ माझ्या ताटातलं उचलायचा. मला तो ताटातलं उचलणारा पाहिजे. हे कारण चालतं का?

११ जानेवारी
काल लिहिलं नाही. काल गड्ड्याच्या जत्रेत पाळणे जोडताना बघत उभा होतो, दुपारचं जेवण राहिलं. एका खांबावर माणूस चढलेला, खालचा ओरडतोय, ‘वरचं घट कर आदी, मग सेल्फी काढ!’ दादाला सांगावंसं वाटलं. फोन काढला. मग आठवलं की फोन केला तर ते दुसरं पण सांगावं लागेल. ठेवून दिला.

खरं लिहितो. सहा दिवस झाले मला कळून, आणि मी गप्प आहे. आळस नाही हा, आळस मला ओळखू येतो. मी गप्प राहिलो तर तो निघेल. निघाला तर येईल. एक दिवस का होईना, दार ढकलून आत येईल. पुढचं पुढं. असं मी रोज सकाळी उठून स्वतःला सांगतोय. म्हणजे आईनं काय वेगळं केलं?

१२ जानेवारी
सकाळी नऊला पाठवलं. ‘खोटं आहे. मी स्वतः चौकशी केली. येऊ नको. आईनं पण चुकीचं ऐकलंय. येऊ नको दादा.’

एकच टिक.

अकराला फोन लावला, बंद. गॅरेजच्या मालकाला लावला. ‘त्यो? काल सुट्टी घेऊन गेला की. ऊरिगे होग्तीनी म्हणला.’ गावाला जातो म्हणला. कुठल्या गावाला, ते मालकानं विचारलं नाही.

दुपारी स्टँडवर जाऊन गुलबर्ग्याच्या तीन गाड्या बघितल्या. उतरणारा प्रत्येक माणूस पाठमोरा दादाच वाटतो. चौथी बघायला थांबलो नाही. एका खाकीवाल्यानं दोनदा माझ्याकडं बघितलं.

आईला सांगितलं, फोन बंद आहे. ती म्हणाली, ‘गाडीत आसंल.’

१३ जानेवारी. भोगी.
दुपारचा एक. टिक अजून एकच.

घरभर तिळाचा वास. आईनं तीन ताटं मांडलीत. मी म्हटलं, दोनच मांड. ऐकलं नसल्यासारखं केलं. मग म्हणाली, ‘तू का आसा दाराकडं बगतुयास मग?’

आत्ता दार वाजलं. आई पिठाच्या हातानं धावली. मी जागचा उठलोच नाही. यावा असं पण वाटत होतं आणि येऊ नये असं पण, दोन्ही इतकं जोरात की

दादा नाही. माने हवालदार. साध्या शर्टात, चपलेत, एकटाच. हातात लांब सरकारी पाकीट, परवानगीचं का उचलायच्या हुकमाचं कोण जाणे. दारातच उभा राहून आत बघतोय. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून हे लिहितोय, त्याचा आवाज येतोय.

‘आलाय का मावशी?’

कुठल्या अर्थानं विचारतोय ते आवाजावरून कळत नाही.

‘अजून न्हाय. यीलच आता,’ आई म्हणतेय. पाट सरकवल्याचा आवाज. ‘बसा की तवर. तुमीच म्हणला व्हता न्हवं.’