खिसे तपासलेले आहेत

४ मार्च, सकाळ
डायरी मागच्या वर्षीची आहे. वार जुळणार नाहीत, न जुळू देत. कोरी पानं टाकून नवी डायरी घ्यायला मी वेडी नाही. आजपासून रोज लिहिणार. चष्मा हरवलाय, तेव्हा अंदाजाने लिहिते. काल दुपारी सात नंबरचा काळा कोट घालून आरशात बघितलं, तेव्हा होता. कोटात मी अगदी मॅनेजर दिसते. त्यानंतर दुकानात इस्त्रीवाला तेवढा येऊन गेला. समजायचं ते मी समजले.

५ मार्च
पोरगी आपल्या दुकानाची वेबसाइट बनवते आहे. लग्नाला, मुलाखतीला कोट भाड्याने, बुकिंग घरबसल्या. शुक्रवारी एका कंपनीत ती दाखवायची, पसंत पडली तर नोकरी. दोन वर्षं घरी बसली आहे. ही लागायलाच हवी.
ती सांगत होती, बुकिंग आलं की मशीनला एक ऑब्जेक्ट लागतो. म्हणजे फॉर्मच समज. दरवेळी नवा बनवला तर मशीन दमतं. म्हणून दहा बनवून ठेवायचे, त्याला पूल म्हणायचं. एक काढा, वापरा, पुसा, परत ठेवा. आजकालच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्यात, असंच करतात म्हणे.
मी म्हटलं, यात शिकवायचं काय? वीस वर्षं मी हेच करते. नवरदेव बदलतो, कोट तोच.
मग कोट परत आला की तू काय करतेस, तिने विचारलं. झटकते, टांगते. आणि खिसे? भिंतीवर पाटी आहे म्हटलं, ‘खिसे तपासलेले आहेत’.
‘पाटी आहे गं आई. तपासतेस का?’
उलट बोलायची खोड बापाकडून आली.

६ मार्च
लिहायला वेळ झाला नाही. इस्त्रीवाल्याला बंद केलं. त्याने कारण विचारलं. चोराला कारण कशाला सांगायचं.

७ मार्च
वेबसाइट दुकानात चालू. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ‘फॉर्म पुसू का’ विचारते. चष्मा नाही, बटण दिसत नाही, समोर माणसं ताटकळतात. पोरीला म्हटलं, काढून टाक. पुढचा लिहील तेव्हा मागचं जाईलच की. ती म्हणाली, पुढच्याने रकाना रिकामा सोडला तर त्यात मागच्याचंच राहतं. मी म्हटलं, रिकामा सोडणारी माणसं आपल्याकडे येत नाहीत. दोन तास वाद घातला तेव्हा तिने प्रोग्राममधली फॉर्म पुसायची ओळच बंद केली. शुक्रवारच्या आधी उघडते म्हणाली. शेवटी अनुभव जिंकतो.

९ मार्च
उद्या शुक्रवार, आणि उद्याच एक मोठं लग्न. सहा कोटांची बटणं पोरीला लावायला दिली. इस्त्रीवाला नाही, म्हणून इस्त्रीही तिच्याकडे. ती काहीतरी ओळ ओळ करत होती, मी म्हटलं आधी हे उरक.
शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर त्याच्या फॉर्मवर, सूचनेच्या रकान्यात माझ्यापुरतं लिहून ठेवलं: पोट फार, मागून उसवून दिला आहे. घासाघीस करतो, हसून बोलू नये.

१० मार्च, दुपार
कंपनीच्या साहेबीणबाईंनी सगळ्यांसमोर स्वतःच्या फोनवरून कोट बुक केला. सूचनेचा रकाना रिकामा सोडला. लगेच बुकिंगचा मेसेज आला, खाली सूचना: पोट फार, मागून उसवून दिला आहे.
बाई अंगाने भरलेल्या आहेत म्हणे. चौघे हसले. त्या नाही हसल्या. चूक शोधून सोमवारी या म्हणाल्या.
पोरगी घरी आली आणि एका मिनिटात ती ओळ उघडली. मी म्हटलं, एका मिनिटाचं काम होतं तर आधी करायचं होतंस. ती न जेवता जाऊन आडवी झाली. दमली असेल.

१३ मार्च, सकाळ
आज तिला मी तयार केलं. सात नंबरचा कोट दिला, दुकानातला सर्वात उत्तम. खिसे बघू का, म्हणाली. मी म्हटलं, पाटी वाच.

१३ मार्च, संध्याकाळ
साहेबीणबाईंनी विचारलं, चूक काय होती? पोरगी म्हणाली, वापरलेली वस्तू रिकामी न करता परत ठेवली, की एकाचं दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. कागदावर दाखवा म्हणाल्या. तिने पेनासाठी खिशात हात घातला. माझा चष्मा निघाला.
‘हा आईचा,’ ती म्हणाली. ‘हेच उदाहरण.’
तेव्हा बाई हसल्या. एक तारखेपासून कामावर बोलावलंय.
बरं झालं. डोळे भरले. मग पुसून चष्मा लावला आणि ही डायरी पहिल्यापासून वाचायला घेतली. पानं कोरी नव्हतीच. खाली मागच्या वर्षीचं माझंच अक्षर, फिकट पेन्सिलीतलं. ‘आजपासून रोज लिहिणार’ हे छाती बेचाळीस, बाही चोवीसच्या बरोबर डोक्यावर बसलंय. आणि ६ मार्चला, ‘चोर’च्या खाली: इस्त्रीवाल्याने तीन नंबरच्या खिशातली अंगठी आणून दिली. आठवड्यातली ही चौथी वस्तू.
म्हणजे खिसे तो तपासायचा.
पाटी उतरवायला हवी. उंचावर आहे, माझा हात पोचत नाही. त्याचा पोचतो.